रॅडनरशर परगण्याच्या सीमा आणि भाषेची सीमा

भाषांचा नकाशा काढावयास बसलेला अभ्यासक प्रथम राजकीय नकाशा समोर घेतो. जिल्हे, परगणे, प्रांत यांच्या रेषा त्यावर आधीच ठळकपणे उमटलेल्या असतात. खानेसुमारीचे आकडेही त्याच विभागांप्रमाणे मांडलेले असतात. त्यामुळे एखाद्या परगण्यात अमुक भाषा बोलली जाते, पलीकडच्या परगण्यात तमुक, असे विधान लेखणीतून सहज उतरते. परंतु ती सीमारेषा कोणी, केव्हा व कशासाठी आखली, हा प्रश्न विचारल्याखेरीज अशा विधानास शास्त्रीय मूल्य येत नाही. वेल्समधील रॅडनरशर हा जुना परगणा या दृष्टीने अतिशय उद्बोधक आहे. तो १५३६ साली कायद्याने अस्तित्वात आला आणि १९७४ साली कायद्यानेच संपला. या सुमारे ४३८ वर्षांत त्याची सीमा फारशी हलली नाही. भाषेची सीमा मात्र त्या भूमीवरून पूर्वेकडून पश्चिमेस सरकत गेली. त्याआधीच्या काळात ती पश्चिमेकडून पूर्वेसही सरकलेली होती. या दोन सीमांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

'काउंटी' या शब्दासाठी येथे परगणा हा शब्द योजिला आहे. वेल्श विशेषनामे देवनागरीत लिहिताना उच्चार स्थूलमानानेच दाखविता येतात. विशेषतः 'लान' (चर्चचे आवार, त्यावरून गाव) या शब्दातील आद्य ध्वनी हा आपल्या लकाराहून वेगळा, घर्षक व अघोष आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

१. भूरचना

रॅडनरशरचे क्षेत्रफळ सुमारे ४७१ चौरस मैल होते. उत्तरेस माँटगमरीशर, दक्षिणेस व नैर्ऋत्येस ब्रेकनॉकशर, वायव्येच्या टोकास कार्डिगनशर हे वेल्श परगणे आणि पूर्वेस श्रॉपशर व हेरफर्डशर हे इंग्रज परगणे, अशी त्याची चतुःसीमा होती. प्रदेश डोंगराळ, पावसाचा आणि मेंढपाळीचा. मध्यभागी 'रॅडनर फॉरेस्ट' नावाचा उंच मुलूख असून त्यातील ग्रेट र्‍होस हे शिखर २१६६ फूट उंच आहे. येथे 'फॉरेस्ट' या शब्दाने दाट अरण्याची कल्पना करावयाची नाही. मृगयेसाठी राखून ठेवलेला मुलूख हा त्याचा मध्ययुगीन अर्थ होय. 'र्‍होस' म्हणजे वेल्शमध्ये माळ. एकाच शिखराच्या नावात इंग्रजी विशेषण व वेल्श नाम शेजारी शेजारी बसले आहे, ही गोष्ट या परगण्याच्या भाषिक इतिहासास साजेशीच आहे.

लोकवस्ती नेहमीच विरळ. १८०१ च्या खानेसुमारीत ती सुमारे १९ हजार होती आणि १९६१ साली १८ हजारांच्या थोडी वर. मोठे शहर एकही नाही. पूर्वेस नाइटन व प्रेस्टीन, पश्चिमेस रायदर, मध्यभागी न्यू रॅडनर आणि १८६५ साली रेल्वे आल्यानंतर आरोग्यदायी झऱ्यांमुळे वाढलेले लान्ड्रिन्डॉड, ही त्यातील प्रमुख गावे.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे दऱ्यांची दिशा. टीम, लग आणि ॲरो या नद्या पूर्वेकडे, इंग्लंडच्या सखल मुलखाकडे वाहतात. आयथन नदी दक्षिणेकडे वळून वाय नदीस मिळते. आणि वाय नदीही पुढे हेरफर्डकडेच जाते. पश्चिमेस मात्र उंच, उजाड पठार आहे. म्हणजे परगण्याचे दरवाजे पूर्वेस उघडतात व पाठ पश्चिमेस आहे. बाजारहाट, गुरांचे व्यापारी, मजुरीच्या शोधात निघालेली माणसे, या सर्वांचा ओघ पाण्याच्या ओघाबरोबर पूर्वेकडे जावा, अशीच ही रचना आहे.

२. सीमा कशी आखली गेली

१५३६ पूर्वी रॅडनरशर नावाचा विभाग नव्हता. जुन्या वेल्श परंपरेत हा मुलूख 'वाय आणि सेव्हर्न यांच्या मधला' अशा वर्णनानेच ओळखला जाई. त्यात माइलियेनिद, एल्वाइल, ग्वर्थेर्नियन असे लहान विभाग होते. नॉर्मन सरदारांनी ते जिंकून घेतल्यावर त्यांच्या जहागिरी झाल्या. या सरहद्दीवरील जहागीरदारांना आपापल्या मुलखात जवळजवळ राजाचे अधिकार होते. त्यांपैकी मॉर्टिमर घराणे प्रबळ होते. त्या घराण्याचा वारस चौथा एडवर्ड १४६१ साली गादीवर आल्याने माइलियेनिदसारख्या जहागिरी राजसत्तेकडे आल्या.

आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ साली झालेल्या कायद्याने या जहागिरींची व्यवस्था मोडून पाच नवे परगणे निर्माण केले : ब्रेकनॉक, रॅडनर, माँटगमरी, डेन्बी आणि मन्मथ. कायद्याची रीत सरळ होती. जहागिरींची नावे एकामागून एक घ्यावयाची आणि ती अमुक परगण्यात सामील केल्याचे जाहीर करावयाचे. उरलेल्या काही जहागिरी श्रॉपशर व हेरफर्डशर या जुन्या इंग्रज परगण्यांस जोडण्यात आल्या. जहागिरीतील रयत कोणती भाषा बोलते, हा विचार या वाटणीत कोठेही नव्हता. त्याच कायद्याने न्यायालयांची व अधिकारपदांची भाषा इंग्रजी ठरविली. तेव्हा वेल्श भाषकांचा मुलूख वेगळा काढण्याचे प्रयोजनच कायदेकारांपुढे नव्हते. ज्या रेषेला पुढे 'वेल्सची सीमा' म्हणून भाषिक अर्थ चिकटला, ती मुळात सरदारांच्या मालकीहक्काची रेषा होती.

परिणामी ऑस्वेस्ट्रीच्या आसपासची, वेल्श बोलणारी गावे श्रॉपशरमध्ये गेली. यूयस हा वेल्श भाषकांचा मुलूख हेरफर्डशरमध्ये गेला. याचा पुरावा सत्तावीस वर्षांतच सरकारच्या हातून मिळाला. १५६३ साली बायबलचे वेल्श भाषांतर करविण्याची जबाबदारी ज्या पाच बिशपांवर टाकण्यात आली, त्यांत वेल्समधील चौघांबरोबर हेरफर्डचा बिशपही होता. इंग्लंडातील बिशपावर हे काम सोपविण्याचे कारण एकच : त्याच्या धर्मप्रांतात वेल्श बोलणारे लोक होते.

३. चार रेषा, चार वाटा

रॅडनरशरच्या सीमेचे नदी, बांध, धर्मप्रांत व परगणा असे चार घटक वेगवेगळे पाहिले, तर त्यांपैकी कोणतेही दोन पूर्णपणे जुळत नाहीत.

नदी ही सर्वांत स्वाभाविक सीमा वाटते. दक्षिणेस व नैर्ऋत्येस वाय नदीने ब्रेकनॉकशर वेगळे केले आहे. पश्चिमेकडील उंच मुलखात इलान व क्लायर्वेन या नद्यांचा सीमेसाठी उपयोग केला आहे. बर्मिंगहॅम शहरास पाणी पुरविण्यासाठी या खोऱ्यात धरणे बांधण्यात आली; त्यांतील पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९०४ साली आणि क्लायर्वेन धरणाचे १९५२ साली झाले. रायदरजवळ मात्र परगण्याची सीमा वाय नदी ओलांडून पलीकडे जाते. तेथील धर्मग्रामाचे नाव कुम्डायदूर. ते 'कुमूद' म्हणजे जुना वेल्श विभाग, 'दाय' म्हणजे दोन आणि 'दूर' म्हणजे पाणी, अशा तीन पदांपासून बनले आहे. 'दोन पाण्यांमधील विभाग' हा अर्थ वाय व इलान यांच्या मधल्या या जागेस तंतोतंत लागू पडतो. येथे जुन्या वेल्श विभागाने नव्या परगण्याची सीमा ठरविली. नदीने ठरविली नाही.

ईशान्येस टीम नदी श्रॉपशरपासून परगणा वेगळा करते. नाइटन हे गाव तिच्या दक्षिण तीरावर, म्हणून वेल्समध्ये. त्याचे रेल्वे स्थानक पलीकडच्या तीरावर, म्हणून इंग्लंडात. प्रेस्टीन येथे लग नदीवरील पूल ओलांडला की हेरफर्डशर लागते. परंतु प्रेस्टीनहून दक्षिणेकडे जावे, तसतशी सीमा नद्या-डोंगर सोडून शेतांच्या बांधांवरून वळणे घेत जाते. लिटन व कॅस्कॉब हा एक तुकडा तर रॅडनरशरच्या आत असूनही हेरफर्डशरचा गणला जाई. १८४४ च्या कायद्याने तो रॅडनरशरला जोडण्यात आला.

दुसरा घटक ऑफाचा बांध. आठव्या शतकातील मर्सियाचा राजा ऑफा (कारकीर्द ७५७ ते ७९६) याच्या नावाने ओळखला जाणारा हा मातीचा बांध व त्यालगतचा खंदक परगण्याच्या पूर्व भागातून जातो. नाइटनचे वेल्श नाव 'त्रेव-अ-क्लाउद' म्हणजे 'बांधावरचे गाव' असेच आहे. तथापि हा बांध म्हणजे वेल्सची आजची सीमा नव्हे. प्रेस्टीन बांधाच्या पूर्वेस असूनही वेल्समध्ये आहे. उलट, बांधाच्या पश्चिमेस इंग्रजी नावांची गावे आहेत. त्यांचा विचार पुढे येईलच.

तिसरा घटक धर्मप्रांताचा. पूर्वेकडील काही धर्मग्राम परंपरेने हेरफर्डच्या बिशपाकडे होते. प्रेस्टीनच्या धर्मग्रामात तर हेरफर्डशरमधील काही वाड्याही मोडत. वेल्समधील चर्चचा राज्याशी संबंध तोडणारा कायदा १९१४ साली झाला व १९२० साली तो अमलात आला. त्या वेळी सरहद्दीवरील धर्मग्रामांचा कौल घेण्यात आला आणि प्रेस्टीन हेरफर्डच्या धर्मप्रांतातच राहिले. राज्यकारभाराने वेल्श आणि धर्मव्यवस्थेने इंग्रज, अशी ही स्थिती आहे.

चौथा घटक म्हणजे खुद्द परगणा. पहिल्या तिन्ही रेषा आडव्यातिडव्या छेदीत त्याची सीमा गेली. आता या चौकटीत भाषेची रेषा कोठे बसते, ते पाहू.

४. स्थलनामांची साक्ष

बांधाच्या पश्चिमेस, न्यू रॅडनरच्या पूर्वेकडील खोलगट मुलखात वॉल्टन, हार्प्टन, किनर्टन अशी गावे आहेत. 'टन' हे अन्त्य पद जुन्या इंग्रजीतील 'तून' म्हणजे वाडी, वसाहत. इव्हन्जॉब, बर्लिन्जॉब, कॅस्कॉब या नावांच्या शेवटी 'हॉप' हे जुने इंग्रजी पद दडलेले आहे. त्याचा अर्थ डोंगरांत शिरलेली बंदिस्त दरी. खुद्द 'रॅडनर' हे नावही इंग्रजीच : 'तांबडा' या अर्थाचे विशेषण आणि 'चढाचा काठ' या अर्थाचे 'ओफर' हे नाम. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत या भागातील अनेक गावे नोंदविलेली आहेत. डिस्कॉइड व कॅस्कॉब यांसारख्या ठिकाणी जमीन पडीक होऊन तेथे रान वाढले आहे आणि त्यात जमीनमालक शिकार करतो, अशी नोंदही तीत आढळते. म्हणजे अकराव्या शतकापूर्वीच इंग्रजी भाषक बांध ओलांडून पश्चिमेस वसले होते आणि त्या शतकात त्यांच्या काही वसाहती ओस पडल्या होत्या.

या ओस जागी पुढे वेल्श भाषक आले. याचा सुंदर पुरावा डिस्कॉइड या नावातच आहे. डूम्सडेमध्ये हे नाव 'डिस्कोटे' असे येते. त्याची फोड जुन्या इंग्रजीतील 'दीच' म्हणजे बांध व 'कॉट' म्हणजे झोपडी अशी होते. गाव ऑफाच्या बांधालगतच असल्याने अर्थही जुळतो. वेल्श भाषकांच्या कानाला उत्तरपद अपरिचित वाटले आणि त्यांनी त्या जागी आपले 'कोइद' (रान) हे पद बसविले. लोकव्युत्पत्तीची ही क्रिया घडावयास गावात वेल्श बोलणारे लोक राहत असले पाहिजेत. इव्हन्जॉबचे वेल्श रूप 'आइन्शॉब' हेही त्याच प्रकारचे : इंग्रजी नाव वेल्श उच्चारात मुरलेले.

वेल्श नावांची स्वतंत्र परंपराही येथे आहे. रॅडनरचे वेल्श नाव 'माइसव्हेद', म्हणजे हव्हाइद नावाच्या पुरुषाचे मैदान. परगण्याच्या नावात ते 'सीर व्हाइसव्हेद' असे होते. कारण 'सीर' या स्त्रीलिंगी नामानंतर पुढील शब्दाच्या आद्य मकाराचा वकार होतो. लान्ड्रिन्डॉड म्हणजे 'लान' अधिक 'त्रिन्दोद', त्रैक्याचे चर्च. येथे तकाराचा दकार झाला आहे. आद्य व्यंजनाचा हा विकार माहीत नसेल, तर कागदपत्रांतील एकच नाव दोन नावे म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो.

पंधराव्या शतकापर्यंत वेल्शचा हा पूर्वेकडील प्रसार चांगलाच स्थिर झाला होता. लुइस ग्लिन कोथी यासारखे वेल्श कवी एल्वाइल व माइलियेनिद येथील घराण्यांच्या आश्रयास येत. वेल्श वाङ्मयाचा अमोल ठेवा असलेली 'हर्गेस्टची तांबडी पोथी' ज्या वाड्यावरून ओळखली जाते, तो वाडा हेरफर्डशरमध्ये, किंग्टनजवळ आहे. वेल्श साहित्याचा हा आश्रयदाता वाडा पुढे इंग्लंडात गणला जावा, ही गोष्ट १५३६ ची रेषा कोणत्या भाषिक वास्तवावरून ओढली गेली, हे पुरेसे स्पष्ट करते.

५. वेल्शची माघार

सीमा आखली गेल्यानंतर दोन-अडीच शतकांत चित्र पालटले. पूर्वेकडील खोऱ्यांत आधी इंग्रजी रुळली. अठराव्या शतकात परगण्याच्या मध्यभागातून वेल्श मागे हटली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मुख्यतः रायदर व त्याच्या आसपासच्या पश्चिमेकडील डोंगराळ धर्मग्रामांत उरली. १८९१ साली वेल्समधील खानेसुमारीत भाषेचा प्रश्न प्रथमच विचारण्यात आला, तेव्हा रॅडनरशरमध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी होते.

या माघारीचे कारण १५३६ च्या कायद्यात शोधण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परगण्याचे न्यायालय प्रथम न्यू रॅडनर व रायदर येथे आळीपाळीने भरावे, असे ठरले होते. १५४२-४३ च्या दुसऱ्या कायद्याने रायदरचा मान प्रेस्टीनला देण्यात आला. न्यायासाठी जाणाऱ्या वेल्श शेतकऱ्याची वाट त्यामुळे सरहद्दीवरील इंग्रजी गावाकडे वळली. परंतु कायदा हे एकमेव कारण मानले, तर एक अडचण उभी राहते. तोच कायदा पश्चिमेकडील कार्डिगनशरलाही लागू होता. तेथे वेल्श टिकली. उलट, इंग्रज परगण्यांत ढकललेल्या ऑस्वेस्ट्रीच्या पश्चिमेकडील खेड्यांतही वेल्श विसाव्या शतकापर्यंत बोलली जात होती. म्हणजे 'वेल्स' या नावाच्या रेषेच्या आत भाषा लोपली आणि तिच्या बाहेर टिकली, असा प्रकार घडला. तेव्हा प्रमुख कारण भूरचनेत व दळणवळणात शोधणे भाग आहे. रॅडनरशरच्या दऱ्या पूर्वेकडे उघडतात, बाजाराची गावे पूर्वेस आहेत आणि पूर्वेकडील अनेक धर्मग्रामांवर हेरफर्डची देखरेख होती. ऑस्वेस्ट्रीच्या मागे मात्र दाट वेल्श वस्तीचा सलग मुलूख होता. कायद्याने दिशा दाखविली असेल. वाट मात्र नद्यांनी आधीच करून ठेवली होती.

वेल्श गेली तरी ती सर्वस्वी पुसली गेली नाही. वेल्शमधील 'आब' किंवा 'आप' म्हणजे पुत्र. 'आप हवेल' चे पॉवेल, 'आप र्‍हीस' चे प्राइस, 'आब ओवेन' चे बोवेन झाले. ही आडनावे रॅडनरशरप्रमाणेच हेरफर्डशर व श्रॉपशरमध्येही विपुल आढळतात. तसेच येथील खेडवळ इंग्रजीत माळ्यासाठी 'टॅलट' हा शब्द वापरला जाई. त्याचा संबंध वेल्शमधील 'ताव्लोद' या शब्दाशी आहे. कुंपणातील खिंडाराला 'ग्लॅट' व लहान ओहोळाला 'प्रिल' म्हणण्याची रीत परगण्याच्या सीमेला न जुमानता दोन्ही बाजूंस आढळते. फ्रान्सिस किल्व्हर्ट हा धर्मोपदेशक १८६५ ते १८७२ या काळात रॅडनरशरमधील क्लायरो या गावी होता. त्याच्या रोजनिशीत या बोलीचे अनेक नमुने जपले गेले आहेत. त्या वेळी ग्रामस्थ इंग्रजी बोलत होते. पण त्यांच्या शेतांची व घरांची नावे वेल्शच होती.

६. अभ्यासपद्धतीसंबंधी

१९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठातर्फे हॅरल्ड ऑर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्रजी बोलींची प्रसिद्ध पाहणी झाली. तीत ३१३ ठिकाणे निवडण्यात आली. इंग्लंडबरोबर मन्मथशरचा तीत समावेश होता, रॅडनरशरचा नव्हता. त्यामुळे श्रॉपशर व हेरफर्डशरमधील बोलींचे नकाशे १५३६ च्या रेषेशी येऊन थांबतात. शब्द मात्र तेथे थांबत नव्हते. वेल्समधील ग्रामीण इंग्रजीची स्वतंत्र पाहणी डेव्हिड पॅरी यांनी स्वान्झी येथून १९६८ साली सुरू केली, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. एका सलग बोलीक्षेत्राचे दोन तुकडे दोन पाहण्यांत, दोन निरनिराळ्या काळी तपासले गेले. तेव्हा त्यांच्यात जो फरक दिसतो, त्यापैकी किती भाषेचा व किती पाहणीचा, हे प्रत्येक शब्दाच्या बाबतीत स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

हा प्रश्न केवळ वेल्सचा नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतही माहिती जिल्हावार मागविण्यात आली होती. मराठीविषयीचा तिचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींचे आकडे वापरताना जिल्हा हे माहिती गोळा करण्याचे एकक होते, बोलीचे क्षेत्र नव्हे, हा विवेक आपल्या विद्यार्थ्यांनीही राखला पाहिजे.

७. उपसंहार

१९७२ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९७४ रोजी रॅडनरशर परगणा संपुष्टात आला. ब्रेकनॉकशरचा बहुतेक भाग व माँटगमरीशर यांच्याबरोबर तो पॉविस या नव्या परगण्यात विलीन झाला. त्यातील एक तालुकावजा विभाग म्हणून 'रॅडनर' हे नाव आणखी बावीस वर्षे टिकले. १९९६ साली तेही कारभारातून गेले. मात्र त्याच्या पूर्वसीमेचे महत्त्व कमी झाले नाही, कारण तीच इंग्लंड व वेल्स यांची सीमा होय. १५३६ साली जहागिरींच्या यादीवरून पडलेली रेषा आज दोन देशांची रेषा म्हणून उभी आहे आणि वेल्श भाषेचे शिक्षण, रस्त्यांवरील पाट्या, भाषाविषयक कायदे यांना तीच मर्यादा घालते. पूर्वी भाषेचा विचार न करता आखलेली रेषा आता भाषेचे भवितव्य ठरविण्यात सहभागी झाली आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की राजकीय सीमा व भाषेची सीमा एक नव्हेत, एवढे म्हणून भागत नाही. त्या परस्परांवर परिणाम करतात, पण निरनिराळ्या गतीने आणि कधी कधी शतकांच्या अंतराने. यास्तव कोणत्याही सीमाप्रदेशाचा अभ्यास करताना आधी रेषेचा इतिहास, मग भूमीचा उतार व बाजाराच्या वाटा, मग स्थलनामांतील थर आणि शेवटी आजचे आकडे, हा क्रम पाळणे इष्ट होय. रॅडनरशरमधून वाहणाऱ्या आयथन नदीचे वेल्श नाव 'येइथॉन'. भाषा या अर्थाच्या 'याइथ' या शब्दापासून त्याची व्युत्पत्ती देऊन 'बोलकी नदी' असा त्याचा अर्थ केला जातो. तिच्या काठची भाषा बदलली. नावात मात्र जुनी भाषा अजून ऐकू येते. परगण्याच्या आकड्यांत ज्याची नोंद उरत नाही, ते अशा नावांत शोधणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे.